कंट्रोल-सी पंथ

स्वीडनचे काम्मारकॉलेगिएट हे सरकारी खाते १५३९ सालचे. राजा गुस्ताव वासाच्या काळात कर आणि हिशेब सांभाळण्यासाठी उभे राहिलेले हे खाते आज जी निरनिराळी कामे करते, त्यांत धर्मसंस्थांची नोंदणी हेही एक आहे. २०११ मध्ये या खात्यासमोर एक अर्ज तिसऱ्यांदा आला. आधी दोनदा तो नामंजूर झाला होता. अर्जामागचा मुख्य माणूस म्हणजे उप्साला विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकणारा, एकोणीस-वीस वर्षांचा इसाक गेर्सोन. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: नक्कल करणे ही पवित्र कृती आहे, माहिती वाटणे हे सत्कृत्य आहे, आणि कीबोर्डवरच्या कंट्रोल-सी व कंट्रोल-व्ही या जोड्या त्याच्या पंथाची पवित्र चिन्हे आहेत.

या वेळी अर्ज मंजूर झाला. जानेवारी २०१२ मध्ये बातमी फुटली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांना हसायला विषय मिळाला. पंथाचे नाव ‘कॉपिमी मिशनरी चर्च’. कॉपिमी म्हणजे ‘कॉपी मी’, माझी नक्कल करा.

हसण्याआधी तेव्हाचा स्वीडन पाहायला हवा. पायरेट बे ही फाइल-वाटपाची साइट याच देशात २००३ मध्ये सुरू झाली. २००६ च्या मे महिन्यात पोलिसांनी तिचे सर्व्हर उचलून नेले. २००९ च्या एप्रिलमध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयाने चौघांना एकेक वर्षाची कैद आणि मिळून तीन कोटी क्रोनरची भरपाई सुनावली. पुढच्याच जूनमध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत तिथल्या पायरेट पार्टीने सात टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळवून एक जागा जिंकली. म्हणजे गाणे डाउनलोड करणाऱ्या पोरांचा प्रश्न एव्हाना घराघरांतल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला होता. दुसरीकडे, २००० सालापासून स्वीडनमध्ये चर्च आणि शासन यांची कायद्याने फारकत झालेली होती. कोणत्याही श्रद्धासमूहाला नोंदणी मागता येत होती. मुख्य अट ही की काहीतरी उपासना चालत असली पाहिजे. खात्याला पंथाचे तत्त्वज्ञान खरे की खोटे हे ठरवायचेच नव्हते, प्रार्थनेचा वा ध्यानाचा काही ठरलेला प्रकार आहे की नाही एवढेच पाहायचे होते. तो प्रकार कागदावर नीट मांडला गेला आणि शिक्का बसला. सरकारी कामाचा हा नमुना मराठी वाचकाला परका वाटणार नाही.

नोंदणीने कायद्यात तसूभर फरक पडला नाही. बेकायदा डाउनलोड आधी बेकायदा होते, नंतरही तसेच राहिले.

गेर्सोनच्या मांडणीत टिंगलीपलीकडचे काही आहे का? आहे. कॉपिमींच्या मते माहितीची नक्कल केली की तिचे मोल वाढते. जे शब्द एकाच वहीत पडून आहेत ते मरणाच्या दारात आहेत, शंभर वह्यांत गेले की जगले. दुसऱ्याच्या कृतीची नक्कल करणे हा त्या माणसाचा आदर आहे. त्यातही तंतोतंत नकलेपेक्षा भर घालून, मिसळून केलेली नक्कल अधिक पवित्र, कारण तिने माहिती वाढते. मात्र दोघांच्या खासगी बोलण्यावर पाळत ठेवणे हे पाप. आणि संगणकाबद्दल तर नकलेला मोल देणारी ही भूमिका जवळजवळ तांत्रिक सत्य आहे. संगणकावर काहीही ‘पाहणे’ म्हणजे त्याची नक्कल करणेच असते. पान उघडले की त्याची एक प्रत आपल्या यंत्राच्या मेमरीत येते, गाणे ऐकताना त्याचे तुकडे नक्कल होऊनच कानापर्यंत पोचतात. नक्कल वर्ज्य केली तर संगणक म्हणजे पत्र्याचा डबा.

नकलेत पुण्य आहे ही कल्पना उप्सालात जन्मलेली नाही, हे मात्र या तरुणाला कोणीतरी सांगायला हवे होते. पोथी उतरवून घेणे आणि उतरवून देणे हे आपल्याकडे शतकानुशतके सत्कर्म मानले गेले. मठात, देवघरात बसून दौत-बोरूने ओळीमागून ओळ उतरवणारा लेखक शेवटी तिथी-वार लिहायचा आणि सोबत एक क्षमायाचनाही करायचा: समोर जसे पुस्तक होते तसेच उतरवले आहे, शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊ नये. आजचे कोणतेही मुक्त सॉफ्टवेअर उतरवून घ्या, परवान्याच्या तळाशी मोठ्या अक्षरांत हेच लिहिलेले असते. जसे आहे तसे देत आहोत, हमी कसलीही नाही.

तुकोबांच्या वह्यांची गोष्ट तर प्रत्येक घरात माहीत आहे. वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, आणि अभंग राहिले. चमत्कार मानणारे चमत्कार मानोत, पण ज्या गोष्टीच्या प्रती शेकडो लोकांच्या तोंडी आहेत ती एका डोहात बुडवता येत नाही, हेही तितकेच खरे. संगणकवाले याला बॅकअप म्हणतात.

पण याच मातीत उलटे उदाहरणही आहे, आणि ते जास्त बोलके आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. देवनागरी येणाऱ्याला ती पाने वाचता येत नसत, कारण अक्षरे अदलाबदल केलेली. मराठीतले पहिले मोठे गद्य समजले जाणारे ‘लीळाचरित्र’ आणि त्याच्या आसपासचे वाङ्मय अशा रीतीने कित्येक शतके पंथाच्या आतच राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी लिपीची किल्ली शोधली, पंथातल्या काही महंतांनी हात दिला, आणि मराठी वाचकाला आपल्याच भाषेच्या आरंभीचा एक मोठा ऐवज तेव्हा कुठे दिसला. पंथाने असे का केले? परक्यांच्या हाती पवित्र शब्द पडून विटंबना होऊ नये म्हणून. हे कारण खोटे नव्हते. पंथाला छळ सोसावा लागला होता. तरीही हिशेब मांडायचा तर कुलपाने ग्रंथ सुरक्षित राहिले आणि सहा-सातशे वर्षांच्या मराठी वाचकांचे नुकसान झाले, ही दोन्ही वाक्ये एकदमच लिहावी लागतात.

तिसरा प्रकार एकनाथांचा. ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकलांमागून नकला होताना तिच्यात इतके पाठभेद शिरले की मूळ कोणते हेच कळेना. नाथांनी प्रती जमवून, ताडून, १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि शेवटी ओवीतच बजावले की यात कोणी स्वतःची ओवी घुसडू नये. गेर्सोनच्या पंथात मिसळून केलेली नक्कल सर्वांत पवित्र. नाथांच्या पैठणात तीच सर्वांत मोठी आगळीक. नाथ तर स्वतः रामकथा, रुक्मिणीस्वयंवर आपल्या शब्दांत नव्याने रचणारे, भारूडांतून कुणाच्याही तोंडी परमार्थ घालणारे कवी होते, म्हणजे भर घालण्याशी त्यांचे वैर नव्हते. त्यांचा आग्रह एवढाच होता की तुमची भर तुमच्या नावाने करा, ज्ञानदेवांच्या नावावर खपवू नका.

इथे खरा तात्त्विक प्रश्न उभा राहतो. नक्कल करणे ही चोरी आहे का?

गेर्सोनच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद ठाऊक आहे. माझी सायकल तुम्ही नेली तर मी पायी जातो. माझ्या गाण्याची प्रत नेली तर गाणे माझ्याकडेही राहते. नुकसान नाही, म्हणून चोरी नाही. विद्या दिल्याने वाढते हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचत आलो आहोत, त्यामुळे हा युक्तिवाद मराठी कानाला चटकन पटतो. पण अस्तेयाची सर्वांत कडक व्याख्या करणाऱ्या जैन परंपरेत मोजमाप वेगळे आहे. तत्त्वार्थसूत्रात चोरी म्हणजे अदत्तादान, जे दिलेले नाही ते घेणे. मालकाचे किती नुकसान झाले हा मुद्दाच व्याख्येत येत नाही. कोणी दिले होते का, एवढाच प्रश्न. या कसोटीवर पायरेट बेवरून उतरवलेला सिनेमा निर्मात्याचे दमडीचेही नुकसान न करता चोरी ठरू शकतो. नुकसानीवर उभा असलेला कॉपिमींचा सगळा डोलारा या एका शब्दापुढे डगमगतो, आणि त्यांच्या लिखाणात याला नीट उत्तर नाही.

उत्तर आहे ते दुसऱ्याच एका माणसाकडे. तोही आयुष्यभर वाटून घेण्याचाच प्रचार करत आला आहे, तोही धर्माची थट्टा करत धर्मगुरूसारखाच वागतो. रिचर्ड स्टॉलमन पक्का नास्तिक. व्याख्यानाच्या शेवटी काळा झगा घालून, डोक्यामागे जुन्या हार्ड डिस्कची मोठी तबकडी प्रभावळीसारखी लावून तो ‘संत इग्नूशियस’ होतो आणि श्रोत्यांना आशीर्वाद देतो. त्याची कथा सुरू होते एका छपाईयंत्रापासून. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला एक लेझर प्रिंटर भेट मिळाला. कागद वारंवार अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमनने स्वतः सोय केली होती की कागद अडकला की ज्यांची छपाई खोळंबली आहे त्यांना पडद्यावर निरोप जाईल. नव्या यंत्राचा सोर्स कोडच मिळाला नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो आहे असे कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेला. त्याने नकार दिला. कोणाला देणार नाही असे लिहून दिले होते म्हणे.

तो प्रिंटर होता झेरॉक्स कंपनीचा. ज्या नावाचा अर्थ मराठीत ‘नक्कल’ असाच झाला आहे, त्याच नावाच्या यंत्राने नक्कल नाकारली आणि त्यातून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जन्मली. कादंबरीकाराने हे रचले असते तर संपादकाने खोडून टाकले असते.

स्टॉलमनने या नकाराकडे शेजारधर्म मोडला म्हणून पाहिले. एखादा प्रोग्रॅम मला आवडला तर तो आवडणाऱ्या दुसऱ्याला देणे माझे कर्तव्य आहे, आणि ‘देणार नाही’ असे वचन देणे म्हणजे अजून न भेटलेल्या शेजाऱ्याचा आधीच केलेला विश्वासघात, अशी त्याची भूमिका. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीची नोकरी सोडली, आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना लिहिला. सॉफ्टवेअर कशासाठीही चालवा, आत डोकावून बदला, प्रती वाटा, बदललेल्या प्रतीही वाटा. अट एकच: वाटाल तेव्हा पुढच्यालाही हेच स्वातंत्र्य द्या. इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दाने फुकट आणि मुक्त यांचा घोळ होतो, म्हणून भारतात आल्यावर स्टॉलमन आपल्याकडचा ‘मुक्त’ हा शब्द आवर्जून वापरतो. इथे तरी भाषेने आपले काम आधीच करून ठेवले आहे.

अदत्तादानाला हे उत्तर आहे. इथे देणारा आहे, त्याने लेखी दिले आहे, कोणाला आणि कोणत्या शर्तीवर हे नमूद आहे. परवाना म्हणजे दानपत्र. हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये आपण फावल्या वेळात एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत असे जाहीर केले, तेव्हा त्याचा पहिला परवाना साधा होता: वाटा, पण पैसे घेऊ नका. १९९२ मध्ये त्याने तो बदलून जीपीएल घेतला. पैसे घ्या हवे तर, पण कोड उघडा ठेवा. आज जवळपास प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात त्याच लिनक्सचा गाभा आहे. मंडईत क्यूआर कोड दाखवणाऱ्या भाजीवालीच्या हातातल्या फोनमध्येही एका विद्यार्थ्याने दिलेले दान असते, आणि ते चोरीचे नाही.

दानपत्र म्हटले की कोकणातल्या आणि गोव्यातल्या गधेगाळी आठवतात. शिलाहारांच्या काळात राजाने जमीन दान दिली की शिळा उभी करत. वर सूर्य-चंद्र, मधे लेख, आणि खाली इथे शब्दांत सांगण्यासारखे नाही असे गाढवाचे चित्र. दान मोडणाऱ्याला ती शिवी. दिलेले परत घेण्याचा मोह मोठा असतो हे त्या राजांना पक्के ठाऊक होते. जीपीएल शिवी देत नाही, अट मोडली तर तुमचे वाटण्याचे हक्क संपले एवढेच सभ्यपणे सांगतो.

अशी शिळा नसली की काय होते ते जुलै २००९ मध्ये दिसले. ॲमेझॉनने आपल्या किंडल वाचकांनी पैसे मोजून घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके त्यांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. कारण कायदेशीर होते: ज्याने ती विक्रीस ठेवली त्याच्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते. पैसेही परत दिले. मिशिगनमधल्या सतरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने मात्र ‘१९८४’ वाचताना शाळेच्या अभ्यासासाठी टिपणे केली होती. पुस्तक गेल्यावर ती टिपणे निराधार झाली, कारण ती ज्या ओळींना चिकटलेली होती त्या ओळीच उरल्या नव्हत्या. तो न्यायालयात गेला, कंपनीने तडजोड केली, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. कोणत्याही पुस्तकाबाबत हे झाले असते, पण नेमके सत्ताधीशांनी जुना मजकूर नाहीसा करण्याची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकाबाबत झाले.

आता कॉपिमी आणि स्टॉलमन एकाच दिंडीतले वाटू शकतात. तसे नाही. पायरेट पार्टीने कॉपीराइटची मुदत पाच वर्षांवर आणावी असा कार्यक्रम मांडला, तेव्हा २००९ मध्ये स्टॉलमननेच लेख लिहून विरोध केला. जीपीएल उभा आहे तो कॉपीराइटच्याच खांबावर. ‘पुढच्यालाही स्वातंत्र्य द्या’ ही अट घालण्याचा अधिकार लेखकाला कॉपीराइट देतो. तो पाच वर्षांत संपला तर मुक्त सॉफ्टवेअरचा उघडा कोड कोणतीही कंपनी उचलून आपल्या बंद डब्यात घालेल. उलट त्या कंपनीच्या जुन्या प्रोग्रॅमची नक्कल लोकांना करता येईल, पण तिचा सोर्स कोड कधी बाहेर आलाच नसल्याने मिळेल ते फक्त बंद डब्याचे कवच. म्हणून त्याचा आग्रह होता की मुदत कमी करायची असेल तर बंद प्रोग्रॅमचा कोड आधीच विश्वस्ताकडे ठेवून घ्या आणि मुदत संपताच जाहीर करा. सगळी कुलपे फोडा म्हणणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा, एक कुलूप दार उघडे ठेवण्यासाठी लागते हे ओळखणारा हा खडूस म्हातारा जास्त खोलवर गेला आहे.

तरी गेर्सोनचा एक मुद्दा उरतोच. देणारा द्यायलाच तयार नसेल आणि घेणाऱ्याची गरज खरी असेल तर? दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातले रामेश्वरी फोटोकॉपी हे दुकान प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून विद्यार्थ्यांना स्वस्तात देत असे. अशी दुकाने पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात प्रत्येक कॉलेजच्या फाटकाबाहेर आहेत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिथली यंत्रे तापतात, शाईचा वास येतो, आणि पोरे ‘काका, दोन सेट’ म्हणत उभी असतात. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थ्यांची संघटना स्वतःहून खटल्यात उतरली. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. १९५७ च्या कायद्यात अध्यापनासाठीच्या नकलेला सूट आहे, हा त्यांचा मुख्य आधार. पण निकालात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली. वाङ्मयातला कॉपीराइट हा काही अटळ, दैवी वा नैसर्गिक हक्क नव्हे. तो समाजाने ज्ञान वाढावे म्हणून दिलेला हक्क आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

उप्सालाचा विद्यार्थी नकलेला देवत्व द्यायला निघाला होता. दिल्लीच्या न्यायालयाने कुलपाचे देवत्व काढून घेतले. दुसरे काम जास्त उपयोगाचे झाले, कारण देवत्व निघाले की कोणाला किती, कशासाठी, किती काळ असा माणसांनी माणसांशी करायचा हिशेब सुरू होतो.

मराठीत हा हिशेब रोजच्या टायपिंगपर्यंत येतो. नव्वदच्या दशकात एखाद्या खासगी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आज उघडून पाहा. पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी दिसते. प्रत्येक कंपनीने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे आपापल्या क्रमाने बसवले होते. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. ती सकळ लिपीच झाली, पण कोणी ठरवून केलेली नाही. युनिकोडने सगळ्यांसाठी एकच क्रम ठरवला, ‘लोहित’सारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट आले, मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘बलू’ आणि ‘मुक्ता’ कोणालाही वापरता-बदलता येतील अशा परवान्यावर दिले. पण जुन्या फाइलींसाठी अजूनही कोणी ना कोणी राजवाडे लागतोच. बहुधा तो पीएच.डी. करणारा एखादा वैतागलेला विद्यार्थी असतो, गाइडांच्या जुन्या सीडीतला मजकूर कन्व्हर्टरमधून काढून रात्रभर रफार दुरुस्त करत बसलेला.

आणि नाथांची ओवी? तिलाही या जगात जागा मिळाली आहे. प्रोग्रॅम बदला, मिसळा, वाटा असे सांगणाऱ्या जीपीएलच्या मजकुराच्या सुरुवातीलाच एक सूचना आहे: या परवान्याच्या जशाच्या तशा प्रती कोणीही कराव्या आणि वाटाव्या, त्यात बदल मात्र करू नये.